पाच माणसं आणि सामान

दुःखाला कारण असतं, ते कारण शोधता येतं आणि कारण नाहीसं केलं की दुःखही नाहीसं होतं, हे फार पूर्वी एका थोर पुरुषाने झाडाखाली बसून जाणलं. आमच्या घराला ते गेल्या वर्षी, नोएडातल्या एका सेक्टर मार्केटच्या मागे, कडुनिंबाखाली कळलं. तोवर आम्ही गाडीचे मागचे दोन्ही शॉकर बदलून बसलो होतो.

गाडी बाबांची. पांढरी, छोटी, पेट्रोलवर चालणारी, अकरा वर्षांची. बाबा एकोणऐंशी वर्षांचे. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात त्यांनी छत्तीस वर्षं फायलींवर शेरे लिहिले आणि निवृत्त झाल्यावर नोएडात फ्लॅट घेतला. त्याच सोसायटीत, त्यांच्या दोन मजले वर, मी राहते. म्हणजे मला स्वतंत्र घर आहे आणि खाजगी आयुष्य नाही. रस्ता पूर्ण रिकामा असतानाही वळताना इंडिकेटर देणारे दिल्लीत बहुधा बाबा एकटेच असावेत. मागून येणारे लोक त्यामुळे गोंधळतात.

आई पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकवायची. तिला निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण दर शनिवारी दुपारी तिथल्या जुन्या शिक्षिका शाळेमागच्या एका गल्लीत, त्यांच्यातल्याच एकीच्या घरी जमतात. आधी सात होत्या, आता चार उरल्या आहेत. तिथे काय चालतं ते आम्हाला नीट माहीत नाही. आई म्हणते, ‘वाचन’. मी एकदा तिला आणायला वर गेले होते, तेव्हा चौघीजणी एका निवृत्त मुख्याध्यापिकेच्या चालण्याची नक्कल करत होत्या. नोएडाहून पहाडगंजला तिला बाबा घेऊन जातात. ती वर जाते, बाबा खालच्या एका हॉटेलाच्या रिसेप्शनमध्ये बसून दोन तास पेपर वाचतात. हॉटेलवाल्याला ते कुठल्यातरी खात्याचे तपासणी अधिकारी वाटतात, त्यामुळे चहा आपोआप येतो. तर असा हा दोघांचा शनिवार. आई निवृत्त झाली तेव्हापासूनचा.

गेल्या वर्षी हिवाळ्यात कपाटाच्या वरच्या फळीवरून रजई काढताना आईच्या पाठीत कळ आली. तपासणीत निघालं की एक मणका दबलाय. तीन महिने विश्रांती झाली, पट्टा झाला, आणि मग डॉक्टर म्हणाले, “आता फिरा. बिल्कुल घरात बसू नका. फक्त धक्का लागू देऊ नका.” दिल्लीत राहणाऱ्या माणसाला हा सल्ला देणाऱ्या डॉक्टरबद्दल मला आदर वाटला.

पहिल्या शनिवारी आई गेली आणि संध्याकाळी परत आली ती सरळ आडवी झाली. चेहरा पांढराफटक. दुसऱ्या शनिवारी तेच. तिसऱ्या शनिवारी सकाळी साडीला इस्त्री करता करता ती थांबली आणि म्हणाली, “या शनिवारी राहू दे.”

कुणा परक्याला यात काही वाटणार नाही. पण आईने आजवर ‘राहू दे’ म्हणून जे जे बाजूला ठेवलं, ते पुन्हा कधी हातात घेतलेलं नाही. हार्मोनियम तशीच गेली. क्रोशाच्या सुया गेल्या. सकाळी बागेत फिरायला जाणं गेलं. तक्रार नाही, रुसवा नाही. नुसतं ‘राहू दे’, आणि मग ती वस्तू कपाटाच्या कुठल्यातरी खणात कायमची. आता पाळी शनिवारची होती. शनिवार गेला असता तर त्या घरात उरले असते सहा वार, आणि ते सगळे सारखेच.

बाबांचं निदान तयार होतं. दोष रस्त्याचा. त्यासाठी त्यांनी एका वहीत रीतसर टिपण केलं. विषय: मागील आसनावर जाणवणारे धक्के. आमच्या फाटकापासून पहाडगंजच्या गल्लीपर्यंत तेवीस गतिरोधक आहेत, त्यांतले नऊ ‘अ’ वर्गाचे, म्हणजे तीव्र, उरलेले ‘ब’, शिवाय खड्डे वेगळे, ते ऋतुमानाप्रमाणे बदलतात. खाली निष्कर्ष: ‘सबब, वाहनात दोष आढळत नाही.’ त्याखाली त्यांनी सही केली होती. प्रत कुणाला पाठवायची ते मात्र त्यांना सुचलं नसावं.

रस्त्याबद्दल ते अगदीच चूक नव्हते. आमच्या सोसायटीच्या फाटकाशी जो गतिरोधक आहे त्याचं उद्घाटन झालं होतं. असोसिएशनच्या अध्यक्षांनी नारळ वाढवला, लाल फीत कापली आणि सुरक्षिततेवर वीस मिनिटं भाषण केलं. मग त्यांची स्वतःची गाडी समारंभपूर्वक त्यावरून जायला निघाली आणि पोटावर अडकली. चार सुरक्षारक्षकांनी ती उचलून पलीकडे ठेवली. टाळ्या झाल्या.

पण रस्ता सगळ्यांनाच सारखा होता. म्हणून पुढच्या शनिवारी, बाबांना जरा सर्दी होती त्याचा फायदा घेऊन, मी आईला कॅबने नेलं. तोच रस्ता, तेच तेवीस. परत येताना लिफ्टमध्ये आई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “कॅबमध्ये इतकं नाही लागलं गं.”

“अच्छा?”

“यांना सांगू नकोस.”

मी लगेच सांगितलं. निदानाच्या कामात गुप्तता पाळून चालत नाही.

बाबा पेपरातून वर न बघता म्हणाले, “त्याची सीट मऊ असेल.”

“असेल.”

“शिवाय त्याला काय, गाडी मालकाची. आदळली तर आदळली.”

“पण आदळली नाही ना बाबा. तेच तर सांगतेय.”

ते दोन दिवस बोलले नाहीत. मी आईला म्हटलं, दर शनिवारी कॅबच करत जाऊ. तर ती म्हणाली, “आणि हे काय करतील? घरी बसून पेपर वाचतील? तो काय घरी वाचायचा पेपर आहे?” तिसऱ्या दिवशी बाबांनी स्वतःच सर्व्हिस सेंटरला फोन केला. फोन झाल्यावर मला म्हणाले, “आपण सर्व बाजूंनी तपास केला, असं रेकॉर्डवर राहिलेलं बरं.”

सर्व्हिस सेंटर म्हणजे काचेचा महाल होता. आत गारवा, सोफे, कॉफीचं यंत्र, आणि भिंतीवर एका हसऱ्या कुटुंबाचा फोटो, ज्यातलं कुणीही कधी ‘अ’ वर्गाच्या गतिरोधकावरून गेलेलं दिसत नव्हतं. टाय लावलेला एक तरुण हातात टॅब घेऊन आला. आपण बाबांचे ‘रिलेशनशिप मॅनेजर’ आहोत असं त्याने सांगितलं. बाबांना हे नातं नवीन होतं. आईच्या पाठीचं सगळं त्याने नीट ऐकून घेतलं आणि टॅबवर दोन शब्द टाइप केले: ‘राइड इश्यू’. दुपारी त्याने गाडीच्या पोटाचा व्हिडिओ दाखवला, पार्श्वसंगीतासह. मागचे शॉकर थकलेत, ते बदलावे लागतील. शॉकर म्हणजे चाकाजवळचे ते दांडे, जे गाडीची उसळी आवरतात. बदलले. वर गाडी धुऊनही दिली. मग त्याने बाबांना ट्रायलला नेलं, ते एक्स्प्रेसवेवर, जिथे गाडीला पोटातलं पाणीही हलू न देता जाता येतं. बाबा प्रसन्न होऊन परतले. फॉर्मवर दहापैकी दहा गुण दिले, कारण नऊ दिले तर आपली नोकरी जाईल असं त्या मुलाने हात जोडून सांगितलं होतं.

शनिवारी आई मोठ्या आशेने निघाली. फाटकाशीच तिचा “आई गं” ऐकू आला. बाबांनी गाडी थांबवली.

“काय झालं?”

“काही नाही. तुमचे नवे शॉकर म्हणजे जुन्यापेक्षा कडक मास्तर आहेत.”

त्या दिवशी ती गेली. पण सोमवारी मी तिच्या घरी भाजी द्यायला गेले तेव्हा ती फोनवर बोलत होती. पलीकडे पहाडगंजच्या मैत्रिणी असाव्यात. “नाही गं, आता फोनवरच भेटत जाऊ. तुम्ही स्पीकरवर ठेवा मला. हो, हो, नक्कल तोंडी सांगा.” ती हसत होती. बाबा बाहेरच्या खोलीत तोच पेपर दुसऱ्यांदा वाचत होते, आणि तो त्यांनी उलटा धरला असता तरी चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी भाजीचं निमित्त सांगून मी गाडी घेतली आणि मार्केटच्या मागे गेले. तिथे कडुनिंबाखाली एक मेकॅनिक बसतो. साठीचा, जाड काचांचा चष्मा, बसायला एका जुन्या गाडीची सीट. सगळे त्याला उस्ताद म्हणतात. मी त्याला आमची कहाणी सांगितली. त्याने गाडीचा मागचा कोपरा दोन्ही हातांनी खाली दाबला आणि सोडला. गाडी वर आली आणि जागच्या जागी थांबली. चारही कोपऱ्यांशी त्याने तेच केलं. मग किल्ली मागितली, समोरच्या स्पीड-ब्रेकरवरून एक चक्कर मारून आला आणि किल्ली माझ्या हातात ठेवली.

“शॉकर बढिया हैं. नए हैं.”

“तो फिर?”

“फिर क्या. जिनको तकलीफ है, उनको लाइए. गाडी को तो कोई तकलीफ नहीं है.”

इतकी वर्षं मी नामांकित डॉक्टरांकडे रिपोर्ट घेऊन जाते आहे आणि रुग्णाकडे वळूनही न बघता ते औषध लिहून देतात. इथे एक माणूस रिपोर्ट बाजूला ठेवून रुग्ण मागत होता.

बाबांना झाडाखालच्या मेकॅनिककडे न्यायचं म्हणजे सोपं नव्हतं. पण ‘सेकंड ओपिनियन’ या शब्दावर त्यांची श्रद्धा आहे. मी तेवढाच शब्द वापरला, झाडाचा उल्लेख केला नाही. आईनेही आधी नाही म्हटलं. मग अंतर फर्लांगभरच आहे म्हटल्यावर ती तयार झाली, आणि तयार झाली म्हणजे खरंच तयार झाली: शनिवारची निळी साडी, पर्स, कानांत मोती.

“अगं, मेकॅनिककडे जायचंय,” बाबा म्हणाले.

“मग? त्याने मला बघायचंय ना?”

उस्तादने तिला बघितलं, नमस्कार केला, आणि विचारलं, “माताजी, कहाँ बैठती हैं?”

“पीछे. हमेशा.” आई मागे डावीकडे, तिच्या नेहमीच्या जागी बसून दाखवायला लागली, तशी उस्तादने बाबांना सांगितलं की गाडी अगदी सावकाश ब्रेकरवरून न्या. स्वतः तो खिडकीजवळून चालत गेला, टपावर हात ठेवून. मला वाटलं तो चाकाकडे बघेल. तो आईच्या तोंडाकडे बघत होता. पुढची चाकं गेली, आई स्वस्थ. मागची चाकं चढली आणि उतरली, तिने डोळे मिटले आणि ओठ आत घेतले.

“एक बार और,” तो म्हणाला. पुन्हा तेच.

मग तो मागच्या डाव्या चाकाशी उकिडवा बसला आणि टायरवरून आडवा तळहात फिरवला, जसा आपण ताप बघताना कपाळावरून फिरवतो. मला म्हणाला, “देखिए मैडम. किनारे पे पूरा माल है. बीच में घिसा हुआ है.” खरंच होतं. टायरच्या दोन्ही कडांना नक्षी ठळक होती आणि मधल्या पट्ट्यात जवळजवळ गुळगुळीत. त्याने खिशातून हवेचं मीटर काढलं, लावलं, बघितलं, चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

“बाबूजी, हवा कौन भरवाता है?”

“मैं,” बाबा म्हणाले. त्यात अभिमान होता, आणि तो रास्त होता. दर शुक्रवारी सकाळी पंपावर जाऊन, यंत्राशेजारी उभं राहून, आकडा स्वतः वाचून ते हवा भरून घेतात. अकरा वर्षांत एकही शुक्रवार चुकलेला नाही.

“बयालीस है.”

“छत्तीस चाहिए. दो मैं ऊपर रखवाता हूँ, हफ्ते में थोडी निकल जाती है. बाकी पंपवाले का मीटर गलत होगा.”

“छत्तीस भी क्यों?”

बाबांनी या क्षणाची अकरा वर्षं वाट पाहिल्यासारखं चालकाचं दार उघडलं. दाराच्या चौकटीवर आत एक चिकटपट्टी असते, गाडी बनवणाऱ्यांनी लावलेली. सहसा ती कुणी वाचत नाही. बाबांनी गाडी घेतल्याच्या दिवशी चष्मा लावून ती वाचली होती. त्यांनी बोट ठेवलं. “कंपनी का लिखा हुआ है.”

उस्ताद दोन रकान्यांच्या त्या पट्टीवर वाकला. “हाँ, लिखा है. पर ये तो दूसरा खाना है, बाबूजी. ये देखिए, पहला खाना: दो-तीन सवारी, उनतीस. दूसरा: पाँच सवारी और सामान, छत्तीस.” तो सरळ झाला. “आप कितने जने चलते हैं?”

“अभी तो दो.”

“तो बाकी के तीन?”

बाबा पट्टी पुन्हा वाचायला लागले. मला मात्र ते तिघे माहीत होते.

आमचं घर हे दिल्लीतलं मराठी घर. म्हणजे अर्धं घर आणि अर्धी धर्मशाळा. सांगलीचे, नाशिकचे, अमळनेरचे लोक. कुणी हरिद्वारला जाताना, कुणी वैष्णोदेवीहून परतताना, कुणी मुलाखतीला, कुणी मोठ्या इस्पितळात दाखवायला. सगळे आमच्याकडे उतरत, आणि त्यांना स्टेशनवर घ्यायला बाबा जात. आपलं माणूस स्टेशनाबाहेर पाऊल टाकताक्षणी एखाद्या रिक्षावाल्याच्या तावडीत सापडावं, हे बाबांना कौटुंबिक मानहानीसारखं वाटे. गाडी अकरा वर्षांची असली तरी नियम त्याहून जुना: कोण कधी येईल सांगता येत नाही, तर गाडी तयार असावी. तीन पाहुणे, त्यांच्या वळकट्या, चिवड्याचे डबे, कधी एखादी पैठणीची पेटी. हवा त्या हिशेबाने. पाहुण्यांतला सर्वांत वडीलधारा पुढे बसे, कारण बाबा त्याला दिल्ली दाखवत. हिंदूराव इस्पितळाच्या नावातले हिंदूराव म्हणजे आपलेच एक मराठी सरदार, एवढं सांगण्यासाठी ते वाट वाकडी करून रिजच्या टेकडीवर नेत असत. माझा एक मामा दोन तास रेल्वेत उभा राहून आलेला होता, त्यालाही नेलं होतं. आई मागे. पाहुणे नसतानाही मागे, कारण पुढची जागा तिची आहे असं तिला कधी वाटलंच नाही. ती पाहुण्यांची होती आणि तेवढ्यापुरती रिकामी होती.

मग हळूहळू लोक यायचे थांबले. भांडण झालं नाही, काही नाही. लोकांचं बरं चाललं. भाचा विमानाने आला आणि विमानतळाजवळच्या हॉटेलातून त्याने फोन केला, “मामा, तुम्हाला कशाला उगाच त्रास?” स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला आलेली गावाकडची मुलं मेट्रोने येतात, फराळ करतात, मेट्रोने जातात. स्टेशनवर येऊ का म्हटलं तर त्यांना संकोच वाटतो. सगळे जण बाबांचा त्रास वाचवत होते. शेवटचा माणूस बाबांनी स्टेशनवरून आणला त्याला तीन वर्षं झाली असावीत. त्यानंतरच्या प्रत्येक शुक्रवारी त्यांनी पाच माणसांची आणि सामानाची हवा भरून घेतली, आणि शनिवारी त्या दगडासारख्या चाकांवरून, दबलेल्या मणक्यासह, आईला पहाडगंजला नेलं.

उस्तादला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याने आपलं तांत्रिक बाजूने समजावलं: भरल्या गाडीत ही हवा ठीक, वजन तिला दाबतं, रिकाम्या गाडीत टायर चेंडूसारखा होतो, रस्त्याचा प्रत्येक खडा वर पोहोचवतो, त्यात शॉकर नवे, म्हणजे तेही ताठ, आणि माताजी नेमक्या मागच्या चाकाच्या डोक्यावर बसतात. “निकाल दूँ?”

बाबा मराठीत, आमच्याकडे न बघता म्हणाले, “आणि उद्या कुणी आलं तर?”

मी बोलणार होते. बरंच काही सुचलंही होतं. पण गाडीच्या आतून आई म्हणाली, “आलं तर भरून घ्या. पंप काय कुठे जात नाही.” मग जरा थांबून, “तोवर मलाच पाहुणी समजा ना अहो. माझ्या बेताची हवा ठेवा.”

बाबा चष्मा काढून त्याच्याकडे बघत राहिले. ऑफिसात एखाद्या फायलीवर विरुद्ध निर्णय आला की ते असंच करत असावेत. मग उस्तादला म्हणाले, “निकालिए. उनतीस. अट्ठाईस नहीं होना चाहिए.”

चार चाकांतून हवा निघायला काही मिनिटं लागली. तो आवाज फार मोठा नव्हता, पण बाबा तो संपेपर्यंत दुसरीकडे बघत उभे होते. मग पुन्हा ब्रेकर. आईने या वेळी डोळे उघडे ठेवले. “बरंय,” ती म्हणाली. “अगदी कॅबसारखं नाही. पण बरंय.”

“कॅबसारखं?” बाबा माझ्याकडे बघून म्हणाले.

“माताजी,” उस्तादने पुढचं दार उघडलं, “अब आगे बैठिए. दोनों पहियों के बीच की जगह है, सबसे कम उछलती है.”

“आगे?” आईने बाबांकडे पाहिलं, मग त्या सीटकडे, एखाद्या बड्या हॉटेलच्या दिवाणखान्यात बसू की नको अशा नजरेने. बसली. पदर आत घेतला. पट्टा कसा लावायचा ते बाबांनी तिला दाखवलं. पुढचा पट्टा तिने कधी लावलेला नव्हता. ब्रेकर आला आणि गेला. आईने पर्स उघडून आरसा काढला आणि मोती सारखे केले. उस्ताद आपल्या सीटवर जाऊन बसला. त्याच्या दृष्टीने केस संपली होती.

त्या शनिवारी मी मुद्दाम बरोबर गेले, मागे डावीकडे बसून. फाटकाचा गतिरोधक निर्विघ्न पार पडला. भैरों मार्गावर बाबांनी गाडी हळू केली. मागून हॉर्न वाजायला लागले, त्यांनी लक्ष दिलं नाही. घसा साफ केला.

“डावीकडे पुराना किला.”

आईने त्यांच्याकडे पाहिलं. “अहो, अठ्ठेचाळीस वर्षं बघतेय मी हा किला.”

“मागून. अर्ध्या काचेतून. पुढून बघ.”

तिने पाहिलं. “मोठा आहे,” ती म्हणाली.

“खूप मोठा आहे,” बाबा म्हणाले, आणि पहाडगंज येईपर्यंत तिला जे जे दाखवता येईल ते दाखवत राहिले. टिळक मार्गावर त्यांनी नावाबद्दल दोन शब्द सांगितले. आई मधून मधून “हो का” म्हणत होती, पाहुणीने म्हणावं तसं. गल्लीच्या तोंडाशी ती दार धरून स्वतः उतरली आणि मैत्रिणींच्या घरचा जिना चढून गेली. दोन तासांनी खाली आली तेव्हा तिचा हात पाठीवर नव्हता. ती कुणाच्या तरी चालण्याची नक्कल करत होती, आणि ती बहुधा बाबांची होती.

आता शनिवार नियमित चालू आहेत. मीही बऱ्याच दिवसांत बरोबर गेलेले नाही. फक्त परवा एका शुक्रवारी पंपावर बाबांबरोबर होते. त्यांनी चारही चाकांत एकोणतीस भरून घेतली, आकडे वाचले, वहीत लिहिले. मग डिकी उघडली, खालचा गालिचा दुमडला, स्टेपनी उघडी केली आणि हळू आवाजात पंपवाल्याला म्हणाले, “इसमें छत्तीस.” त्याने भरली. बाबांनी गालिचा पुन्हा नीट पसरला आणि कडा दाबून बसवल्या.

मला भरून आलं होतं. कुणीतरी येईल, स्टेशनवरून फोन करील, तीन माणसं आणि वळकट्या असतील, ही आशा ज्या माणसाला उघड्यावर ठेवता येत नाही तो ती कुठे ठेवतो ते मी आज पाहिलं, असं मला वाटलं. घरी आल्यावर, मन जरा शांत व्हावं म्हणून, मी गाडीची माहितीपुस्तिका चाळली. स्टेपनीत नेहमी पूर्ण भाराइतकीच हवा ठेवावी, असं तिच्यात छापलेलं आहे.